पावडरचं खरंच हाड होतं का? सायनस लिफ्टबद्दल एका मुलाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न सोलापुरातल्याच एका मुलाचा आहे. आईचं वय ५८. वरच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा आठ वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हापासून जागा मोकळीच आहे. आता इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायला गेले तर डॉक्टर म्हणाले, हाड जेमतेम ३ मिलिमीटर उरलंय. आधी सायनस लिफ्ट करून हाडाची पावडर भरू, आठ महिने थांबू आणि मग स्क्रू बसवू. आईला शुगर आहे, मिश्रीची सवय आहे. मुलाचे प्रश्न तीन आहेत. पावडरचं खरंच हाड होतं का? एवढं थांबायचं कशाला? आणि पावडर गाईच्या हाडाची असते म्हणतात, ते खरं का? घरात सगळे शाकाहारी आहेत.

सरळच सांगतो, पावडरचं हाड होत नाही. हाड तुमच्या आईचं शरीर बांधतं. पावडर फक्त जागा धरून ठेवते. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो.

आधी हाड गेलं कुठे ते पाहू. गालाच्या हाडामागे, वरच्या दाढांच्या अगदी डोक्यावर एक पोकळी असते, तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण तीन चमचे पाणी मावेल. दाढ जागेवर असते तोवर चावण्याचा दाब मुळांवाटे हाडाला मिळत राहतो आणि हाड टिकतं. दाढ काढली की त्या हाडाला काम उरत नाही. खालून हिरडीच्या बाजूने ते झिजतं आणि वरून सायनस खाली उतरत येतो. दोन्हीकडून कमी होत होत मधे पापडासारखा पातळ थर उरतो. पहिल्या वर्षात झीज सगळ्यात जास्त असते. त्यात दाढ पायरियाने हलून काढलेली असेल, तर बरंच हाड आधीच गेलेलं असतं. आईंच्या बाबतीत आठ वर्षांत ३ मिलिमीटर उरलं, यात विशेष काही घडलेलं नाही. आमच्याकडे असे रुग्ण रोज येतात.

या पोकळीच्या आतून एक पडदा असतो. निरोगी माणसात तो मिलिमीटरभरही जाड नसतो. उकडलेलं अंडं सोलताना कवचाच्या आत जो पांढरा पापुद्रा निघतो, तो डोळ्यांसमोर आणा. सायनस लिफ्टचं ऑपरेशन म्हणजे हा पापुद्रा न फाडता हाडावरून सोडवून वर उचलायचा आणि खाली मोकळी झालेली जागा भरायची. अमेरिकेत हिल्ट टॅटम यांनी १९७० च्या दशकात हे सुरू केलं. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये ते छापून प्रसिद्ध केलं, तेव्हा भरायला रुग्णाच्याच कंबरेचं हाड घेतलं होतं.

आत काय दिसतं ते सांगतो, कारण रुग्णाला ते कधीच दिसत नाही. हिरडी बाजूला केली की गालाकडची हाडाची भिंत पांढरी दिसते. कंपनावर चालणाऱ्या पिझो मशीनने तिथे बोटाच्या नखाएवढी खिडकी कोरत जायची. हाड पातळ होत जातं तशी कडेने निळसर करडी रेघ उमटायला लागते. पडदा जवळ आल्याची ती खूण. इथून हात हलका. खिडकी मोकळी झाली की पडदा रुग्णाच्या श्वासाबरोबर किंचित आतबाहेर होताना दिसतो. तो तसा हलताना दिसला की माझ्या मनाला स्वस्थता येते, कारण पडदा शाबूत असल्याचं ते लक्षण आहे. मग चमच्यासारख्या बोथट हत्यारांनी तो आधी तळावरून, मग पुढून, आणि शेवटी नाकाकडच्या आतल्या भिंतीवरून सोडवायचा.

ही आतली भिंत फार महत्त्वाची. पडदा फाटेल या भीतीने बरेच जण तळापर्यंतच सोडवून थांबतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही थांबायचो. पण नवं हाड भिंतींमधूनच आत वाढत येतं. एक भिंत उघडी केलीच नाही तर एका बाजूने येणारं रक्त आणि पेशी आपण स्वतःच्या हाताने अडवल्यासारखं होतं. माझ्या जुन्या केसेसमध्ये जिथे आतल्या बाजूचं हाड पोकळ राहिलं, तिथे बहुतेक वेळा माझं हे काम अर्धवट राहिलेलं होतं.

आता भरल्यावर काय होतं ते पाहा. पडद्याखाली पहिल्यांदा रक्त साचतं आणि गोठतं. ही गुठळी म्हणजेच खरं बियाणं. काही दिवसांत भिंतींमधून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. त्यांच्या मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात. पहिल्या काही आठवड्यांत घाईघाईने एक कच्चं हाड तयार होतं, त्याचे धागे वेडेवाकडे, कसेही विणलेले असतात. पुढच्या महिन्यांत शरीर ते थोडं थोडं काढून त्या जागी थरांचं, सरळ, भक्कम हाड बांधतं. हे सगळं भिंतींकडून मध्याकडे सरकतं, त्यामुळे मधला भाग सगळ्यात शेवटी पिकतो.

सोलापुरात हे समजावणं मला सोपं जातं. पूर्वी यंत्रमागावर चादरी विणणारे एक आजोबा माझ्याकडे आले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, उभा धागा तुम्ही लावणार, आडवा माझं अंग टाकणार." त्यानंतर मी प्रत्येकाला असंच सांगतो. पावडरचे दाणे म्हणजे मागावर ताणलेला उभा धागा. त्याच्यावर विणकाम शरीराचं.

धागा लावलाच नाही तर? स्वीडनमध्ये लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच करून दाखवलं. पावडर न घालता पडदा उचलला, इम्प्लांटच्या टोकांवर तो तंबूसारखा तोलून धरला आणि खाली नुसतं रक्त गोठू दिलं. तरीही हाड तयार झालं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, कारण हाड कोण बांधतं या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळतं. पण हे जमायला इम्प्लांट त्याच दिवशी घट्ट बसला पाहिजे, म्हणजे खाली पुरेसं हाड हवं. ३ मिलिमीटरमध्ये ते अवघड असतं. आणि सायनसमध्ये श्वासागणिक हवेचा दाब येतो. खाली आधार नसेल तर पडदा हळूहळू दबून परत खाली येतो आणि जागा जाते. म्हणून तुमच्या आईंसाठी पावडर लागेल असं जे सांगितलं, ते मला बरोबर वाटतं.

आता थांबण्याबद्दल. पावडर भरल्यावर त्याच दिवशी एक्स-रे काढला तर ती जागा पांढरीशुभ्र दिसते. रुग्ण खूश होतो, घरी फोटो दाखवतो. पण तो पांढरेपणा दाण्यांमधल्या खनिजाचा असतो. हाड अजून सुरूही झालेलं नसतं. प्राण्यांच्या हाडाची पावडर वापरलेल्या जागेतून सहा-आठ महिन्यांनी बारीक नळीने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर साधारण पाव भाग नवं हाड, जवळपास तेवढेच किंवा थोडे जास्त जुने दाणे आणि उरलेल्या जागेत मऊ ऊती व मज्जा दिसते. म्हणजे सगळं ठीक झालेल्या केसमध्येही पाव भागच नवं हाड असतं. तेवढं इम्प्लांट धरायला पुरतं, पण ते पिकलेलं असावं लागतं. चौथ्या महिन्यात घाई केली तर मधला भाग कच्चा सापडण्याचा धोका असतो. ड्रिल करताना हाताला ते लगेच कळतं, ओल्या वाळूत बोट घातल्यासारखं लागतं.

प्रत्येकाला आठच महिने लागतील असंही नाही. सायनस अरुंद असेल तर भिंती जवळ असतात आणि भरणं लवकर होतं. रुंद असेल तर मधल्या भागाला वेळ लागतो. सीबीसीटी स्कॅनवर, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर, गालाकडून नाकाकडे ते अंतर किती आहे, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. शुगर असलेल्या माणसात मी एखाद-दोन महिने जास्तच ठेवतो.

हाड ४-५ मिलिमीटर किंवा जास्त असतं तर इम्प्लांट त्याच बैठकीत बसवता आलं असतं. ५ ते ८ मिलिमीटर असेल तर बाजूला खिडकी न करता इम्प्लांटच्याच भोकातून पडदा थोडा वर ढकलायची पद्धत आहे, ती समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. त्यात हातोडीने हलके ठोके देतात. काहींना त्यानंतर दोन-चार दिवस मान वळवली की गरगरतं, कानातले बारीक कण हलल्यामुळे. घाबरण्यासारखं नसतं, पण आधी सांगितलेलं असलं की माणूस रात्री दोन वाजता दवाखान्याकडे धावत नाही. अलीकडे ६ मिलिमीटरचे आखूड इम्प्लांटही चांगले टिकतात असं दिसतंय, आणि जिथे हाड तेवढं आहे तिथे मी सायनसला हात लावायचं टाळतो. आईंच्या ३ मिलिमीटरला मात्र यातलं काही लागू पडत नाही.

आता पावडर कशाची असते. तुम्ही हे विचारलंत, फार बरं केलंत. बाजारात सगळ्यात जास्त वापरली आणि अभ्यासली गेलेली पावडर गाय-बैलांच्या हाडाची आहे. त्यातला सगळा मांसल, प्रथिनांचा भाग काढून टाकून नुसतं खनिज उरवलेलं असतं. शरीर ते वर्षानुवर्षं संपवत नाही, म्हणून जागा छान धरून राहते, हा तिचा मोठा गुण. डुकराच्या हाडाचीही मिळते. माणसाच्या दान केलेल्या हाडाची असते, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत ती किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून तयार होते. आणि पूर्ण कृत्रिम पावडर असते, हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची किंवा दोन्हींच्या मिश्रणाची. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतं, हायड्रॉक्सिॲपेटाइट टिकतं, म्हणून मिश्रण. शेवटचा पर्याय स्वतःचं हाड, खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून खरवडून घेतलेलं. त्यात जिवंत पेशी असतात आणि नव्या हाडाला हाक देणारी प्रथिनंही, ज्यांचा शोध मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये लावला. मात्र एकट्या स्वतःच्या हाडाचा आकार लवकर आटतो आणि दुसरी जखम करावी लागते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंचं सायनस लिफ्ट केलं. गळ्यात तुळशीची माळ होती, ती मी पाहिली होती. ऑपरेशन उत्तम झालं. महिन्याने त्यांच्या मुलीने कुठेतरी वाचलं आणि दोघी येऊन बसल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, आधी सांगितलं असतं तर मी ठरवलं असतं." मी लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. त्यांच्या शरीरात काय जाणार, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता आणि तो मी त्यांना न विचारता वापरला. ती सल अजून आहे. सोलापुरात आपल्याकडे माळकरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, मुस्लिम आहेत, प्रत्येकाची बंधनं वेगळी. तेव्हापासून बाटली उघडण्याआधी तिचं खोकं रुग्णाच्या हातात देतो आणि कशापासून बनलंय ते मराठीत वाचून सांगतो.

तुम्ही फक्त पावडर विचारून थांबू नका. खिडकीवर जो कोलॅजनचा पातळ पडदा झाकतात तो बहुतेक वेळा गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींचा असतो. रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज आणि विरघळणारे कॅटगटचे टाकेसुद्धा प्राण्यांपासून येतात. या सगळ्याला पर्याय आहेत. तुमच्या आईंसाठी मी कृत्रिम मिश्र दाणे आणि त्यांचंच खरवडलेलं थोडं हाड असं मिसळून वापरलं असतं, आणि वर कोलॅजनऐवजी त्यांच्याच रक्तातून काढलेला पीआरएफचा पापुद्रा झाकला असता. पीआरएफ म्हणजे हातातून रक्त घेऊन लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायचं. वर पिवळसर, जेलीसारखा गोळा तयार होतो, तो दाबला की पडदा बनतो. टाके भरून यायला त्याची मदत होते. पीआरएफने हाड दुप्पट वेगाने होतं असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका.

आता ज्या दोन गोष्टी मला सगळ्यात जास्त काळजीच्या वाटतात. शुगरसाठी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. सातच्या आसपास असेल तर मी पुढे जातो, आठच्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे पाठवतो. दुसरी मिश्री. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की ठाम "नाही" येतं. "मिश्री लावता का?" विचारलं की "हां, सकाळ-संध्याकाळ" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि आपलं सगळं काम त्या बारीक रक्तवाहिन्यांवरच उभं आहे. वर बोटाने हिरडी घासताना टाके उसवतात ते वेगळंच. ऑपरेशनच्या आधी निदान महिनाभर आणि नंतर हाड पिकेपर्यंत ती पूर्ण बंद हवी. आईला रागावून ती सुटणार नाही. घरात कुणीतरी सकाळी तिच्याबरोबर ब्रश घेऊन उभं राहा, हे मी पाहिलेल्या घरांत उपयोगी पडलंय.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदाचं इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, तर तेही दंतवैद्यांना न विसरता सांगा. बायकांना वाटतं, गुडघ्याच्या औषधाचा दातांशी काय संबंध. जबड्याच्या हाडाशी फार जवळचा संबंध आहे.

नाक सतत चोंदत असेल, घशात कफ उतरत असेल, गाल जड वाटत असतील तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्कॅन दाखवा. सायनसमधून नाकात उघडणारं छोटं तोंड मोकळं आहे का, हे पाहिल्याशिवाय मी सुरीच उचलत नाही. ते बंद असलं तर आत साचलेलं बाहेर पडणार नाही आणि पावडरला जंतुसंसर्ग होईल.

ऑपरेशननंतरचे तीन-चार आठवडे घरच्यांनी पाळायचे असतात. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची, दाबायची नाही. स्ट्रॉ नको, फुगे फुगवणं नको, विमान दोन आठवडे तरी नको, पाण्याची भरलेली कळशी उचलणं नको. आणि प्राणायाम नको. एका निवृत्त शिक्षकांचं सगळं नीट झालं होतं. सहाव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून त्यांनी पहाटे कपालभाती केली आणि रुमालात नाकातून पांढरे दाणे आले. दोष माझा, कारण "जोर लावू नका" असं मी सांगितलं होतं, "कपालभाती करू नका" असं नव्हे. आता कागदावर कपालभाती, भस्रिका, जलनेती ही नावं लिहूनच देतो. जेवणात कडक भाकरी आणि शेंगा चटणी काही आठवडे बाजूला ठेवावी लागते. भाकरी हवीच असेल तर मऊ, दुधात कुस्करलेली, आणि दुसऱ्या बाजूने चावून. फोडणीचा ठसका शिंका आणतो, म्हणून आईला काही दिवस स्वयंपाकघरापासून लांब ठेवलंत तर उत्तम.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारा. दोन्ही दाढा परत हव्यातच का? अनेकांना पहिली दाढ बसवली तरी चावणं व्यवस्थित होतं. शेजारच्या दातांवर आधीपासून रूट कॅनल आणि कॅप असेल तर ब्रिजही, म्हणजे त्या दातांवर टेकवून बसवलेला नकली दात, वाईट नाही, आणि त्यात सायनसला हातच लावावा लागत नाही. सायनस लिफ्ट चांगलं ऑपरेशन आहे, त्यानंतर बसवलेले इम्प्लांट दहांतले नऊ किंवा जास्त टिकतात. तरीही मी ते गरज असेल तिथेच करतो.

शेवटचं, पडदा फाटण्याबद्दल. चांगल्या हातातही चार-पाच केसेसमध्ये एखाद्या वेळी पडद्याला छेद जातो. छेद लहान असेल तर झाकून काम पुढे नेता येतं. मोठा असेल तर शहाणा डॉक्टर पावडर न घालता टाके घालून बाहेर येतो आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा बोलावतो. तेवढ्या वेळात पडदा भरून येतो. तुमच्या आईच्या बाबतीत असं झालं आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आज थांबलोय," तर त्यांच्यावर नाराज होऊ नका, पुढची तारीख घेऊन घरी जा.